डोमा कलाराची लेक

मैनाबाईंच्या जबाबावर पंच म्हणून माझी सही आहे. त्यामुळे हे सांगायचा थोडा हक्क मला आहे, असं मी समजते. मी चामोर्शी तालुक्यात, त्यांच्याच गावात अंगणवाडी चालवते. आमच्या दोन घरांमध्ये तुराट्यांचं कुंपण आहे, आणि त्यालाही एक भोक आहे.

मैनाबाईंचं माहेर वैनगंगेच्या पल्याड, पोंभुर्णा तालुक्यात. वडील डोमा कलार. कलाराचं घर म्हटलं की लोकांना भट्टीची दारू तेवढी आठवते. पण डोमाच्या घरची खरी ओळख निराळी होती. चैत्रात मोहफूल भिजवायचं, मृगात त्यात जांभूळ टाकायचं, आणि भट्टीवर न चढवता जमिनीत पुरलेल्या रांजणात सहा-सात महिने मुरू द्यायचं. वर येई तो मधाच्या रंगाचा, जिभेला किंचित तुरट असा रस. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की पत्रिकेच्या आधी डोमाकडे निरोप जाई. परवाना कधीच नव्हता. डोमाच्या आजाला कुणी विचारला नाही, डोमाला मात्र पोलीस विचारू लागले.

डोमाला ही विद्या मुलाला द्यायची होती. पण केवळराम चंद्रपूरला वसतिगृहात राहून शिकत होता, आणि घरी आला की वासानं त्याचं डोकं दुखे. मग मैनाच बापाच्या मागे मागे फिरू लागली. फुलाच्या पोटातले केसर झाडून कसे काढायचे, पाणी किती कोमट हवं, सगळं ती शिकली. रांजणाला कान लावायलाही शिकली. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "पयले पाऊस पडल्यासारखं वाजते. मंग कोनी दूर कुजबुजल्यासारखं. मंग गप. गप झाल्यावर आठ दिवस हात लावाचा नाई."

मैना वीस वर्षांची असताना घरावर धाड पडली. केवळराम तेव्हा पंचवीसचा. सरकारी कचेरीत कारकून म्हणून त्याची निवड झाली होती, कागद यायचे बाकी होते. पोलिसांनी परसातले तीन रांजण काठ्यांनी फोडले. आंबत घातलेल्या मोहफुलांचा सडवा अंगणभर पसरला. हवालदारानं विचारलं, "माल कोणाचा?"

डोमाला दम्यानं उभं राहवत नव्हतं. त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं खाली पाहिलं. आणि मैना म्हणाली, "माया हाय."

कोर्टात तिनं गुन्हा कबूल केला. तीन महिने चंद्रपूरच्या तुरुंगात काढले. त्या तीन महिन्यांत केवळराम नोकरीवर रुजू झाला, आणि मूल गावच्या मुलाशी ठरलेलं मैनाचं लग्न मोडलं. बाप त्याच वर्षी पावसाळ्यात गेला. दोन वर्षांनी मुखरूभाऊंचं स्थळ आलं. पंधरा वर्षांनी मोठे, बिजवर, चार एकर धानाची जमीन. बघायला आले तेव्हा भावानंच त्यांना बाजूला घेऊन तुरुंगाचं सांगायला सुरुवात केली. मुखरूभाऊ म्हणाले, "मले सारं माहीत हाय. तिनं चोरी नाई केली ना?" आणि पानसुपारी घेतली.

यानंतरची तीस वर्षं मैनाबाईंनी रोवणी, कापणी आणि दोन सावत्र मुलींची लग्नं यांत काढली. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. त्यामुळे मोहफूल त्या वेचत, वाळवत आणि बाजारात विकून येत, बस. भाऊ दर भाऊबीजेला साडी घेऊन येई. तुरुंगाचा विषय कधी निघत नसे. मैनाबाईंना वाटे, भाऊ लाजेनं बोलत नाही. त्याच्या मनात ते आहे, एवढं त्यांना पुरत होतं.

नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातही मध्यंतरी आलेली दारूबंदी उठून दोन वर्षं झाली, तेव्हा केवळराम निवृत्त झाला. त्याची मुलगी आचल नागपूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आली होती. एका सकाळी बापलेक दोघंही मैनाबाईंच्या ओसरीवर आले.

आचल म्हणाली, "आत्या, आपल्या घरची वाईन परत करायची आहे. परवाना काढून, बाटलीत भरून. बाबाला काहीच येत नाही. तूच शिकव."

मैनाबाईंनी भावाकडे पाहिलं. "तुयं डोकं दुखते ना वासानं?"

केवळराम हसला. "आता नाई दुखत. बापाचं नाव ठेवू त्याले, मैना. डोमाजी."

बापाचं नाव ऐकल्यावर त्यांना नाही म्हणवलं नाही. पदरात बांधून ठेवलेलं काही सोडावं तशा त्या बोलायला लागल्या. चैत्र, मृग, पाणी, केसर. आचल वहीत लिहीत होती. मी कुंपणाच्या भोकातून चहा घेऊन गेले तर मैनाबाईंना माझ्याकडे पाहायलाही सवड नव्हती.

दोन वर्षं त्या बसनं ये-जा करत राहिल्या. हंगामात महिना महिना तिकडेच. पहिल्या वर्षी आचलनं पाकिटातलं यीस्ट वापरलं आणि सगळं आंबट झालं. दुसऱ्या वर्षी मैनाबाईंनी कुंभाराला समोर बसवून रांजण घडवून घेतले, जाड बुडाचे. आचल मीटर लावून आकडे लिही, आत्या कान लावून सांगे, आणि आत्याचं उत्तर आधी येई. दिवाळीनंतर रस गाळला. केवळरामानं पेलाभर पिऊन डोळे पुसले. मैनाबाई परत आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "ज्योत्स्ना, बाबू जिता झाला वो." बापाला त्या बाबूच म्हणत.

एक गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली होती, पण तक्रार म्हणून नाही. नागपूरहून कुणी फोटो काढायला आलं होतं. आचल म्हणाली, "आत्या, जरा आत जाऊन चहाचं पाहतेस का?" त्या आत गेल्या, चहा केला. बाहेर केवळराम रांजणाला कान लावून उभा होता आणि फोटो निघत होते. "त्याले बिचाऱ्याले कोनत्या बाजूनं कान लावाचा तेही माहीत नाई," असं सांगून त्या खूप हसल्या होत्या.

फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, परवाना देणाऱ्या खात्याचे एक साहेब आमच्या गावात आले. मध्यमवयीन, चष्मा घातलेले, हातात फाईल. जबाब घ्यायचा आहे, लिहिता-वाचता येणारा पंच हवा, म्हणून पोलीस पाटलांनी मला बोलावलं.

मैनाबाई ओसरीवर डाळ पाखडत होत्या. साहेबांनी नाव विचारलं, मग म्हणाले, "तुम्ही पूर्वी पोंभुर्ण्याकडे डोमाजी कलार यांच्या घरी मजुरीला होता का?"

मैनाबाईंचं सूप थांबलं. "कोनं सांगतलं?"

"ठाण्याच्या जुन्या नोंदीत एका गुन्ह्यात तुमचं नुसतं पहिलं नाव आहे, वडिलांचं नाही. पत्ता डोमाजींच्या घरचा. अर्जदाराला विचारलं, तर ते म्हणाले, मैना नावाची एक बाई आमच्याकडे कामाला होती, तिनंच परसात चोरून दारू लावली होती. आमचा काही संबंध नाही. पण तिथले पोलीस पाटील वेगळं बोलले, म्हणून आलो."

"अर्जदार कोन?"

"केवळराम डोमाजी."

त्यांनी फाईलमधून प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स काढली. मैनाबाईंनी ती माझ्याकडे सरकवली. "वाच."

मी वाचलं. कै. डोमाजी यांचा मी एकुलता एक मुलगा असून, हा वंशपरंपरागत व्यवसाय मी वडिलांकडून शिकलो आहे. मला बहीण अथवा भाऊ नाही. वडिलोपार्जित जागेचा मी एकटाच वारस आहे. माझ्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीस कधीही शिक्षा झालेली नाही.

"भयीन नाई, ते पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मुखरूभाऊ खाटेवर उठून बसले होते.

मैनाबाईंनी पदर कमरेला खोचला, आत गेल्या, आणि आपली पत्र्याची पेटी घेऊन आल्या. त्यांनी शाळेचा दाखला काढला, तिसरीपर्यंतचा. वडिलांचं नाव डोमा. मग तुरुंगातून सुटल्याचा पिवळा कागद काढला. तो त्यांनी पस्तीस वर्षं जपून ठेवला आहे, हे मला माहीत नव्हतं.

"लिवा सायेब," त्या म्हणाल्या. "मी डोमा कलाराची लेक. केवळरामची सख्खी भयीन. त्या दिवशी तो माल माया नाई, बाबूचा होता. भावाची नोकरी जाऊ नये म्हणून मी माया म्हटलं. कोर्टात खोटं बोलली असन तर आता पकडा मले. पण कामवाली म्हणू नका."

साहेबांनी सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी सही केली. मैनाबाईंनी आपलं नाव एकेक अक्षर जुळवत लिहिलं. उठताना साहेब जरा घुटमळले.

"बाई, एक सांगू? पस्तीस वर्षांपूर्वीची शिक्षा, तीही लग्न होऊन गेलेल्या बहिणीची. परवान्याला त्याची काही अडचण नव्हती. तुमच्या भावानं खरं लिहिलं असतं तर मी इथवर आलोच नसतो. आता अडचण आहे ती खोट्या कागदाची."

ते गेले. मैनाबाईंनी पिवळा कागद पुन्हा पेटीत ठेवला. मग मुखरूभाऊंना म्हणाल्या, "म्हणजे गरजही नोती."

चौथ्या दिवशी केवळराम आणि आचल आले. मी उठून जाऊ लागले तर मैनाबाईंनी माझा हात धरला. "बस. तुयी सही हाय."

केवळराम उभ्यानंच बोलू लागला. "तू काऊन सांगतलंस? एक शब्द फिरवला असता तर काय झालं असतं? लाखाचं काम अडकून पडलं."

"शब्द फिरवाले मी काय तुयी कामवाली आहो?"

"वकील म्हणे, गुन्ह्याचं नाव दिसलं की अर्ज फेटाळतीन. मंग आमी..."

"वकिलानं कामवाली म्हणाले सांगतलं?"

केवळराम खाटेच्या कडेवर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "एकुलता एक मुलगा लिवलं. ते तर खरंच हाय ना, मैना."

"त्याच्या खालची ओळ?"

मैनाबाई आचलकडे वळल्या. "तुले माहीत होतं?"

आचल रडत होती. "आत्या, टाईप मीच केलं. मला वाटलं, फक्त कागदावरच आहे. तू तर आमचीच आहेस."

मला वाटतं, भावाच्या बोलण्यापेक्षा या पोरीचं बोलणं मैनाबाईंना जास्त लागलं. दोन वर्षं जिच्या शेजारी बसून त्यांनी रांजण ऐकले, तिनंच बहीण नाही हे शब्द बोटांनी टाईप केले होते, आणि त्यानंतरही आठ-दहा वेळा फोन करून विचारलं होतं, आत्या, आता काय करू?

खात्यानं दुरुस्तीची एक संधी दिली होती, म्हणून नवं प्रतिज्ञापत्र त्यांनी सोबत आणलं होतं. त्यात बहीण होती, शिक्षाही होती. पण आता ती वारस ठरत असल्यानं, बापाच्या जागेवर कारखाना चालवायला तिची संमती लागत होती. केवळरामानं कागद पुढे केला. "बाटलीवर तुया फोटो टाकू. आचलनं बनवूनही ठेवला."

"फोटो नोको. कागद ठेवून जा."

कागद अकरा दिवस देवळीत पडून होता. मुखरूभाऊ म्हणाले, सही करू नको, वाटणी माग. मीही तेच म्हटलं. खरं सांगते, मला तो कारखाना बंद पडलेला पाहायचा होता. मैनाबाई दोघांचंही ऐकून घेत आणि गोवऱ्या थापायला निघून जात. बाराव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सही कुठं करायची ते विचारलं.

"तुमी असं काऊन करता?" मी जरा चिडूनच बोलले.

"धंदा बाबूचा हाय. केवळ्याचा नाई. त्याच्यापायी बाबूचा कायले बुडवू?"

सही केलेला कागद त्यांनी माझ्याच हातून पाठवला. स्वतः गेल्या नाहीत. चैत्र आला, मोहफूल पडलं. आचलचे फोन येत राहिले. मैनाबाई फोनकडे पाहत आणि तो मुखरूभाऊंच्या हातात देत. मुखरूभाऊ मोठ्यानं सांगत, "ती वावरात गेली." ती समोरच बसलेली असे.

आत्या नसतानाही आचलनं नवे रांजण बिनचूक लावले. वहीत सगळं लिहिलेलं होतंच. ऑगस्टात परवाना आला, आणि आधी आदल्या वर्षीचा रस बाटल्यांत भरला गेला. चंद्रपूरला माझ्या भाच्यानं दुकानात बाटली पाहिली. वर डोमाजींचं चित्र आणि चार पिढ्यांची परंपरा असं लिहिलेलं. मैनाबाईंचं नाव नव्हतं. आमच्याकडे ती बाटली आणणंही गुन्हाच. म्हणून त्यानं मोबाईलवर फोटो आणला. मैनाबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "बाबूले एवढ्या मोठ्या मिशा नोत्या."

दिवाळी आली. भाऊबीजेला केवळराम नेहमीप्रमाणे पोचला, हातात साडीची पिशवी. मैनाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. वडा-भात केला, वाढला, भात संपला तसा पुन्हा वाढला. तो जेवून पाटावरच बसून राहिला. ओवाळायचं ताट येईल म्हणून त्यानं टोपी घातली.

ताट आलं नाही. मैनाबाई खरकटी भांडी उचलत होत्या.

"मैना, ओवाळत नाई?"

"पाहुण्याले जेवू घालतो आमी. जेवला ना पोटभर?"

केवळराम पाटावरून उठला. मग टोपी काढून त्यानं खिशात घातली आणि साडी खाटेवर ठेवली. मुखरूभाऊंनी ती उचलून पुन्हा त्याच्या पिशवीत घातली. चारच्या बसला अजून दीड तास होता. तो थांब्यावर उन्हात जाऊन बसला, आणि मैनाबाईंनी माझ्या लेकीच्या हाती त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या पाठवला.