कात्रणातली विडी

"ह्यात अजून एक विडी हाय, बाई."

हे म्हणताना तो पानाचा तुकडा दोन बोटांत धरून दाराच्या उजेडाकडे न्यायचा आणि एक डोळा मिटायचा. सोनार खडा बघतो तसा. आणि तुकडा म्हणजे काय, तर आम्ही बायांनी विडी वळताना कातरून टाकलेला कचरा. दुसऱ्याने टाकलेलं ज्याला बघवत नाही, असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. असली माणसं शेजारी बरी, घरात अवघड. आमच्या वाट्याला तो कारखान्यात आला.

संगमनेरला तेव्हा घरटी एक बाई तरी विडीला जायची. आमच्या घरून दोघी जायचो, मी आणि माझी सासू. नवरा नगरच्या छावणीत गाडीवर होता. आला तर आला. घर आमच्या दोघींच्या सुपांवर चालायचं.

कारखाना म्हणजे एक लांबोडकी पत्र्याची शेड. टेंभुर्णीची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून यायची आणि प्रत्येकीला वजनावर मिळायची. पत्र्याचं माप पानावर ठेवून कातरायचं, तंबाखू घालायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. जिने कातरायची तिनेच वळायची, अशी रीत. मांडीवर सूप आणि सुपात सगळा पसारा.

लढाई चालू होती. रेल्वेच्या वाघिणी सरकारने घेतल्या, जंगलातलं पान येईना, आलं तर महाग. तेव्हा शेठने नगरहून ह्याला आणलं. काम एकच, पान कुठे वाया जातं ते शोधायचं. मुसलमान होता. आम्ही भाई म्हणायचो. नमाजाला जाताना तराजूची पारडी पालथी घालून जायचा, मागे कुणी खेळू नये म्हणून.

पहिल्याच दिवशी तो एकेकीच्या पुढ्यातलं कात्रण गोळा करू लागला तेव्हा माझ्या सासूने त्याला फैलावर घेतलं.

"काय रं भाई, बायांच्या मांडीखालचा केर चिवडायचा, हे तुला आईनं शिकवलं व्हय?"

"आईनंच शिकवलं, आजी. ती चिंध्यांच्या गोधड्या शिवायची."

शेड हसली. सासू हसली नाही.

तिला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळायचं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघीही त्यावर कधी बोललो नव्हतो. वाटेने मी तिच्या पुढे चालायचे आणि खड्डा आला की खोकायचे. शेडमध्ये बोटांनी माप चाचपून ती कातरायची. वळायला तिला डोळे लागतच नव्हते. कातरायला लागत होते.

शेठचा नियम साधा होता. जिचं कात्रण जास्त तिला पान कमी, आणि तरी सुधारली नाही तर पान बंद. पान बंद म्हणजे काम बंद. तिला भुकेचं भय नव्हतं, भूक तिने पाहिलेली होती. तिला घरी बसायचं भय होतं. "एकदा का उंबऱ्यावर कोंबड्या हाकायला बसवलं," ती म्हणायची, "की मानूस गनतीतनं गेलं."

भाईला नुसतं कात्रण मोजून भागायचं नाही. शेडभर त्याची नजर फिरायची. पाण्याचा माठ एका टोकाला होता, तो त्याने मधे आणून ठेवला. आम्हाला बरं वाटलं. मग कळलं की माठाकडे जायच्या निमित्ताने होणाऱ्या आमच्या गप्पा त्याने मोडल्या होत्या. पानांची पोती पहाटे भिजवत असत, ती त्याने आदल्या संध्याकाळी भिजवायला लावली. पान मऊ राहिलं, फाटेनासं झालं.

तान्ही पोरं बाया शेडच्या बाहेर लिंबाखाली निजवून यायच्या. ह्याने आतल्या वाशांना झोळ्या बांधायला लावल्या. शेठ खवळला, "इथं काय पाळणाघर काढलंय?"

"बाहेर पोर रडलं की बाईचं अर्धं चित्त बाहेर जातं, शेठ. मग अर्धं पान खाली जातं."

शेठला पानाचं सांगितलं की कळायचं. बाईचं कळायचं नाही. भाईला त्या पोरांची कणव होती की पानाची, ते मी विचारलं नाही. झोळ्या राहिल्या.

बाजाराच्या आदल्या दिवशी तो प्रत्येकीचं कात्रण तोलायचा. सासूचं जास्त भरलं. पुढच्या खेपेला आणखी. मला वाटलं होतं, म्हातारी आहे, पारड्याला जरा बोट लावील. पारड्याला बोट लावणाऱ्यातला तो नव्हता. भरलं तेवढं शेठला सांगितलं. सासूचं पान कमी झालं.

मग त्याने तिचं कात्रण एका फडक्यावर पसरलं आणि शेजारी माझं. माझ्यात कडा होत्या आणि देठं. तिच्यात पानाचा मधला, सगळ्यात चांगला भाग होता. त्यातला एक तुकडा उचलून त्याने उजेडाकडे नेला, डोळा मिटला, आणि तुकडा परत ठेवून तिच्या हातांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला उठवून दाराशी, भर उजेडात बसवलं. फरक पडला नाही. मग तिच्या कात्रीला धार लावून आणली. तरी नाही. सासू घरी आल्यावर म्हणाली, "ह्यो मला सोडायचा न्हाई."

मी माठाशी पाणी प्यायला गेले तर तो तिथे उभा.

"म्हातारीला कवापासनं?" त्याने हळू विचारलं.

"काय कवापासनं?" मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

सकाळी आम्ही सुपं मांडून बसलो होतो. तो आला, वाकला आणि सासूच्या सुपातून कात्री उचलली. सगळी शेड बघत होती. असं कात्री काढून घेणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"दे हिकडं," ती म्हणाली. "माझी हाय ती."

तिचा हात डावीकडे गेला. तो उजवीकडे उभा होता. मी खोकले. तिने हात मागे घेतला.

तो माझ्यापुढे बसला. मी कातरून ठेवलेली पानं त्याने ओंजळीने उचलली आणि तिच्या सुपात टाकली.

"कातरायचं न्हाई, आजी. नुसतं वळायचं. कातरल तुमची सून."

"वळायचं येगळं आन कातरायचं येगळं? हात काय तुझ्या बापानं वाटून दिले?"

"आजपास्नं वाटले."

दुपारी शेठ आला. त्याला ही रीतमोड मुळीच पसंत पडली नाही. दोघींच्या विड्या एकात झाल्यावर खराब विडी निघाली तर ती कुणाच्या नावावर टाकायची, असा त्याचा सवाल.

"सासू-सुनेची चूल एक, सूप एक," भाई म्हणाला. "शिव्याबी दोघींना सारख्याच द्या. पन आधी बघा तर." मग त्याने शेठला आमच्यापुढे उभं केलं. दर विडीला कात्री खाली ठेवायची, पुन्हा उचलायची, ह्यात बाईचा किती वेळ जातो, आणि इथे कात्री खाली ठेवावीच कशी लागत नाही, ते दाखवलं. सासूची बोटं तर अशी चालली होती की तिला एकदाही खाली बघावं लागत नव्हतं. शेठने तेवढंच पाहिलं. "हुशार हाय म्हातारी," असं म्हणून तो गेला.

डोळ्यांचं नाव भाईने काढलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

आमचं पाहून इतर बायांनी जोड्या केल्या. मायलेकींच्या जमल्या, शेजारणींच्या जमल्या. जावा-जावांची एक जोडी होती, ती पहिल्याच बाजाराला मोडली. कात्रण मात्र घटलं. इतकं घटलं की भाई तराजूपाशी नुसता बसून राहू लागला. मग सिन्नरच्या कारखान्यात पान फार वाया जातं म्हणून शेठने त्याला तिकडे धाडलं.

निघताना त्याने तराजू फडक्यात बांधला. "कात्रणच ऱ्हायलं न्हाई, तर मी काय मोजू?" असं आम्हा सगळ्यांना म्हणाला. सासूपुढे जरा थांबला.

"आजी, येतो."

"ये," ती म्हणाली. हात थांबवला नाही. तो मोटारीच्या अड्ड्याकडे निघून गेला. परत आला नाही. सिन्नरहून पुढे कुठे गेला, जगला किती, मला ठाऊक नाही.

तो गेल्यावर शेडमध्ये कात्र्या पुन्हा चालू झाल्या. मग माझ्या सासूने मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं,

"का गं, दिसायला कसा हुता त्यो?"

कात्र्या थांबल्या. बाया माझ्याकडे बघू लागल्या.

"काळा," मी म्हटलं. "उंच. दात पुढं. तोंडावर देवीचे व्रण."

"आवाजावरनं गोरा वाटायचा," ती म्हणाली, आणि तिने पानांसाठी माझ्याकडे हात पसरला.