कपाळावरची गांधीलमाशी

अनगोळच्या मराठी शाळेत सातवीला शिकवणाऱ्या नीलाबाईंचं खरं काम वर्षातून एकाच रविवारी असायचं. येळ्ळूरच्या पलीकडच्या एका गावच्या साहित्य संमेलनाचं सूत्रसंचालन त्या बावीस वर्षं करत होत्या. सीमाभागात गावाला एक देऊळ, एक तालीम आणि एक साहित्य संमेलन असतंच. लोक पाहुण्यांना विसरतात, माईकवरची बाई लक्षात राहते. यंदा मात्र संमेलनाचा सचिव सुहास, त्यांचाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "आक्का, अजून ठरलं न्हाय. पोरं म्हणत्यात, व्हिडिओत जरा तरुण माणूस दिसूदे."

तरुण माणूस म्हणजे चिन्मयी, वय चोवीस.

नीलाबाईंनी मागच्या वर्षीचा व्हिडिओ काढून पाहिला. कपाळावर तीन आठ्या, भुवयांमध्ये दोन. कवी कविता वाचत होता आणि त्या त्याच्याकडे गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तशा बघत होत्या. संमेलनाला बारा दिवस उरले होते. घरी काही न सांगता त्या शहरातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात गेल्या आणि सुरकुत्या घालवायच्या नऊ सुया कपाळात टोचून घेतल्या.

बाहेर काउंटरवरच्या सौम्याने सूचनांचा कागद पुढे केला. कन्नड.

"मराठीत द्या."

"मराठीत न्हाय की आक्का. वाचून सांगू काय?" सौम्या कन्नड घरची, पण बोलली मराठीतच.

"नको. कागद हक्कानं मिळायला हवा, उपकार म्हणून नव्हे."

नीलाबाईंना कन्नड उत्तम वाचता यायचं. कन्नड मालिका तर त्या चुकवत नसत. पण छापील कागदाची गोष्ट वेगळी. मराठीत कागद मिळावेत म्हणून त्यांचे वडील तुरुंगात जाऊन आले होते. कन्नड कागद हाती आला की न वाचता घडी घालायची, ही माहेरची रीत. तिच्यापायी एकदा घरची वीज तुटली होती आणि ती हकीकत त्या अभिमानाने सांगत.

कागदावर होतं ते एवढंच: टोचल्या जागी गाठी येतील, थोड्या वेळात बसतील, चोळू नका, चार तास आडवे होऊ नका.

घरी पोचल्या तेव्हा कपाळावर हरभऱ्याएवढ्या गाठी होत्या. यजमान श्रीपादराव वकील. ते दारातच उभे.

"काय गं हे?"

"गांधीलमाशी चावली."

"नऊ ठिकाणी?"

"मोजत बसले न्हाय."

माशीचं ऐकून घरकामाची मालुबाई हातातलं सोडून आली. माशीवर जो इलाज तोच तिने केला: चुना, कोमट खोबरेल, आणि शेतात भाताची रोपं लावून घट्ट झालेला अंगठा. "गाठ मोडाय पायजे आक्का, न्हायतर माशीचं ईख अंगात बसतंय." ती चोळत राहिली, नीलाबाई पलंगावर आडव्या पडून सोसत राहिल्या. सांगायचं ते सांगून झालं होतं. आता माशी मागे घेता येत नव्हती.

संध्याकाळी कपाळ सुजलं. दोन दिवसांत सूज उतरली, आठ्याही विरायला लागल्या, आणि नीलाबाई आरशापुढे "रसिकहो" म्हणून पाहू लागल्या. पाचव्या दिवशी डावी पापणी खाली आली ती वर जाईना.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "चोळलं काय आक्का?" सौम्याने विचारलं. "कागदावर होतं की." डॉक्टर म्हणाले, औषध खाली उतरलंय, दोनेक महिन्यांत पापणी आपसूक उठेल.

संमेलन सात दिवसांवर होतं.

सुहास पत्रिका द्यायला आला आणि डोळ्याकडे बघत राहिला. चेहरा दुःखी करायला त्याला बरेच कष्ट पडले. "अरारा! तुम्ही आराम करा आक्का. चिन्मयी सांभाळंल. आपण तुमचा सत्कार ठेवूया, ज्येष्ठ म्हणून."

रविवारी भर मंडपात चिन्मयीने बावीस वर्षं दीड वाक्यात उरकली. वर "आता विश्रांती घेत असलेल्या" असंही म्हणाली. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. तो फेकून मारावा इतका संताप नीलाबाईंना आला. त्यांनी कपाळाला आठी घालून पाहिली. काही हललं नाही. सुया उत्तम लागू पडल्या होत्या.

व्यासपीठावरून उतरताना सुहासने हात दिला. "मला लई भ्या वाटत हुतं आक्का, तुम्ही चिडशिला म्हणून. पण तुमचा शांत चेहरा बघितला आणि जीव भांड्यात पडला. पुढच्या सालापासनं चिन्मयीलाच ठेवूया, न्हवं?"

नीलाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात चिन्मयीने सभेकडे त्यांच्यासाठी टाळ्या मागितल्या. सभेने त्या दिल्या.