लाल त्रिकोणाच्या खाली

नारायणगावात एसटी स्टँडमागं गोरखचं डीटीपीचं दुकान होतं. लोक फ्लॉपीवर वर्डमधला मजकूर आणत. गोरख तो पेजमेकरमध्ये घेऊन पानावर सोडी. या कामाला तो 'वतणं' म्हणायचा, गुऱ्हाळावर काहिलीतला गूळ ओततात तसं. लग्नपत्रिका, पुण्यस्मरण, पतसंस्थेचा अहवाल, सगळं एकाच धारेनं. वाचायचा मात्र काहीच नाही. "वाचीत बसलो तर धंदा कवा करू राव?"

मजकूर पानात मावला नाही की उरलेल्या ओळी आतच राहत आणि तळाशी लाल त्रिकोण उमटे. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण सांगतो, आता पुरे. हा सांगायचा, अजून आहे. पाच पोरांचा बाप असलेल्या गोरखनं दोघांचंही कधी ऐकलं नाही.

पिंपरी पेंढारच्या कोंडाबाई एकदा नवऱ्याच्या पुण्यस्मरणाचं पत्रक घेऊन परत आल्या. शोकाकुल मंडळींत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी होतं, ते त्रिकोणाखाली राहिलं.

"समदी रडली, म्याच तेवढी न्हाई व्हय रं भाऊ?"

"मावशी, शेवटची वळ कोण वाचतंय?"

पुढं पतसंस्थेचे चेअरमन सावळाराम एकसष्टीला आले आणि त्यांचा गौरव अंक निघायचं ठरलं. कॉलेजातल्या एका सरांनी त्यांना लेखात हिमालयापर्यंत चढवलं. गोरखनं धीर करून विचारलं, "सायेब, अक्षरजुळणीला माझं नाव टाकू का?"

"टाक की! शेवटी टाक."

तालुक्याची नावं छापून झाली होती, स्वतःचं एकदाही नाही. फाइलच्या शेवटी त्यानं टाइप केलं, 'अक्षरजुळणी व मांडणी : गोरख, निमगाव सावा'. ठळक केलं. अंक ओतला, ओळ मावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं छापण्याआधी काही वाचलं. आईला, बयाबाईंना, सांगितलं. त्यांनी गावाला सांगितलं.

अंक छपाईला जायच्या दिवशी चेअरमनचा फोन आला. "शेवटच्या पानावरचा माझा फोटो मोठा कर. हार कापायचा न्हाई."

हार गुडघ्यापर्यंत होता. गोरखनं फोटो खाली ओढला, मजकूर सरकला, त्रिकोण उमटला. तो त्याला दिसलाही. पण दिसलेलं सोडून द्यायची सवय जुनी होती.

सत्काराच्या मंडपात बयाबाई शेजारणींना घेऊन बसल्या. प्रौढ वर्गात शिकलेल्या अक्षरांवर बोट फिरवत पानाच्या तळाशी आल्या.

"कुठंय रं तुजं नाव?"

"हाय गं. आत हाय."

"आत म्हंजी कुठं?"

तेवढ्यात टाळ्या पडल्या म्हणून तो सुटला.

दुकानात येऊन त्यानं फाइल उघडली. फोटोची खालची कड वर ढकलली. हाराचं टोक गेलं, मग चेअरमनचं पोट गेलं. ओळ पानात आली. ठळक. तिच्याकडे तो बघत बसला.

दारात पतसंस्थेचा शिपाई उभा राहिला. "सायबांनी औंदाचा अहवाल धाडलाय. दुसरीकडं नेऊ का, का हाय येळ?"

गोरखनं फाइल बंद केली. पेजमेकरनं विचारलं, बदल सेव्ह करायचे? त्यानं 'नो' दाबलं.

"बसा पावणं," तो म्हणाला. "लगीच वततो."