ओल्या डब्यातला उमेदवार

१९२८ सालची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक मी कॅनडात, ब्रॅम्पटनमधल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये हरलो.

त्या निवडणुकीशी माझा काही संबंध नव्हता. मी मूळचा वसईचा, दिवसभर वेअरहाऊसमध्ये ट्रक भरून घेणारा माणूस. पण माझी मुलगी शार्लेट अकरावीत आहे आणि तिला अमेरिकेचा इतिहास आहे. दोन महायुद्धांच्या मधली एक निवडणूक निवडायची, खऱ्या माणसांपुढे प्रचार करायचा, मतदान घ्यायचं आणि लोकांनी कुणाला का मत दिलं ते विचारायचं, असा तिचा प्रोजेक्ट. खरी माणसं म्हणजे आमचं वसईकर कॅथलिक मंडळ. ते महिन्यातून एकदा चर्चच्या बेसमेंटमध्ये जमतं, आणि चहाबरोबर काही खायला असेल तर कुणाचंही ऐकून घेतं.

"दोन कँडिडेट होते," शार्लेट म्हणाली. (हे सगळं ती इंग्रजीत म्हणाली. मराठीत ती फक्त भूक लागली की बोलते.) "एक इंजिनिअर. दारूबंदी चालू राहू दे म्हणणारा. दुसरा न्यूयॉर्कचा गव्हर्नर. गरीब वस्तीत वाढलेला, कॅथलिक, दारूबंदी नको म्हणणारा."

"कॅथलिक मी," मी लगेच म्हणालो. "अख्खा हॉल कॅथलिक. नुसता उभा राहिलो तरी निवडून येईन."

"डॅड, तो हरला होता."

"त्याच्यासमोर वसईकर नव्हते."

इंजिनिअर व्हायला रिटाची, म्हणजे माझ्या बायकोची, मोठी बहीण तयार झाली. फिलुबाय. रिटायर्ड नर्स. आमच्या मंडळाचा ख्रिसमस डिनर दरवर्षी तीच उभा करते. ती आयुष्यात कधी वाईन प्यायली नाही आणि पिणाऱ्याकडे ती अजूनही इंजेक्शन देण्याआधी बघावं तसं बघते. मला तिची काळजी वाटली. म्हटलं, म्हातारीचा फार मोठा पराभव व्हायला नको.

प्रचाराची तयारी करताना मात्र मी त्या गव्हर्नरात गुंतत गेलो. शार्लेट रोज जेवताना काहीतरी नवीन सांगायची. हा निवडून आला तर पोप वॉशिंग्टनला राहायला येईल, अशी तेव्हा लोकांना भीती होती म्हणे. न्यूयॉर्कला नदीखाली नवा बोगदा झाला होता. त्याचा फोटो दाखवून काही लोक सांगायचे की हा थेट रोमला जातो.

"समुद्राखालून?" मी विचारलं.

"येस, डॅड."

"आणि लोकांना पटलं?"

"तुझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय काय येतं ते बघ ना."

दुसऱ्या दिवशी कामावर फोर्कलिफ्टच्या मागे उभा असतानाही माझ्या डोक्यात तेच. पोपला बोगद्यातून यायला किती वेळ लागेल? मध्ये वॉशरूम असेल का?

"त्याच्या उच्चारांना पण लोक हसायचे," शार्लेटने आणखी एकदा सांगितलं. "तो रेडिओला रॅडिओ म्हणायचा."

"मग रॅडिओच ना?"

"परफेक्ट," ती म्हणाली. "तू अ‍ॅक्सेंटची प्रॅक्टिस करू नकोस."

माझा मित्र पास्कोल माझा प्रचारप्रमुख झाला, त्याचं कारण मात्र वेगळं. अमेरिकेत बंदी असताना आपल्या ओंटारियोतून, विंडसरजवळ नदी ओलांडून चोरून दारू जायची, हे ऐकून त्याचा ऊर भरून आला. पास्कोल घरी द्राक्षांची वाईन करतो. "म्हणजे आपण एका परंपरेत आहोत," तो हळूच म्हणाला.

मतदानाच्या दिवशी बर्फ पडत होता, त्यामुळे निम्मे लोक उशिरा आले. शार्लेटने सुरुवातीला सगळं नीट समजावून सांगितलं, पण ते लवकर आलेल्यांना. उशिरा आलेल्यांनी बूट झटकले, चहा घेतला आणि मी दारूबंदीवर बोलतोय एवढंच पाहिलं.

मी जोरात होतो. "बंदीने दारू थांबत नाही," मी सांगितलं. "ती तळघरात जाते. आज आपल्या ओळखीच्या घरांत, बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे, पिंपं भरलेली आहेत."

पास्कोलच्या बायकोने सावकाश मान वळवली. "फर्नेसच्या मागे काय आहे रे आपल्या?"

"व्हिनेगर," पास्कोल म्हणाला.

मग फिलुबाय उठली. तिने अमेरिकेचं नावसुद्धा घेतलं नाही. "गेल्या ख्रिसमसला," ती म्हणाली, "गव्हाणीच्या देखाव्यातल्या मेंढपाळाच्या पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून 'तू कुठल्या आळीतला रे?' असं विचारत कोण बसलं होतं?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. (तो मेंढपाळ खरोखरच आमच्या आळीतल्या एकासारखा दिसतो.) मी म्हणालो, "हा वैयक्तिक हल्ला आहे." ती म्हणाली, "मी तर कुणाचं नावच घेतलं नाही." टाळ्या तिला पडल्या.

मतदानाला दोन डबे होते. तेव्हा अमेरिकेत दारूवाल्यांना 'ओले' आणि बंदीवाल्यांना 'सुके' म्हणायचे, म्हणून शार्लेटने मोठ्या हौसेने आजीकडून फोनवर विचारून डब्यांवर मराठीत लिहिलं होतं. एकावर ओला, दुसऱ्यावर सुका.

आमची माणसं शिस्तीची. माझ्या डब्यात चहाच्या पिशव्या पडल्या, केळ्याची साल पडली, अर्धा खाल्लेला, तळलेल्या पिठाचा फुगा पडला. फिलुबायच्या डब्यात कोरडे नॅपकिन आणि पेपर प्लेट्स. फादर स्वतः माझ्या डब्यात ग्रेव्ही ओतून गेले आणि वर म्हणाले, "वेस्ट सेग्रिगेशन, व्हेरी गुड."

शार्लेटने ग्लोव्हज घालून मतं वेगळी केली. माझी ओली झालेली मतं तिने एकेक करून फर्नेसजवळ वाळवली, कारण प्रोजेक्ट प्रामाणिक हवा. तरी मी हरलो. थोडाथोडका नाही. सगळ्या बायका आणि अर्धे पुरुष पलीकडे.

"ठरलं तर," फिलुबाय म्हणाली, "यंदा ख्रिसमस डिनरला वाईन नाही."

"अहो बाय, ही अमेरिकेची निवडणूक होती."

"अमेरिकेला कुणी मत दिलं? मला दिलं." उशिरा आलेल्यांनी माना डोलावल्या. ते याचसाठी तर मत देऊन बसले होते. पुरुष मंडळी माझ्याकडे बघू लागली. विषय कुणी काढला होता, हे त्यांना बरोबर आठवत होतं.

शार्लेटने मग फिरून प्रत्येकाला कारण विचारलं. मी मागे मागे गेलो, कारण मलाही ते जाणून घ्यायचं होतं. धर्मावर कुणीच मत दिलं नव्हतं. एकाला फिलुबायकडून ताटात जास्त पोर्कचं इंदेल हवं होतं. एका बाईला माझं भाषण लांबलं म्हणून राग होता. शेवटी आम्ही रिटाकडे आलो.

"सुका," ती म्हणाली.

"तू पण?"

"दर ख्रिसमसला बर्फातून गाडी कोण घरी आणतं, डॉमनिक? तू मागे झोपलेला असतोस. मी एकदाही पोटभर नाचलेली नाही."

मला ते इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. शार्लेटने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके, डॅड. तो गव्हर्नर पण स्वतःचं स्टेट हरला होता."

त्या ख्रिसमसला मी क्रॅनबेरी ज्यूस प्यायलो. रिटा खूप नाचली, अगदी चपला काढून नाचली, आणि तिला तशी बघून मला खरंच बरं वाटलं. निघताना मी मोठ्या अभिमानाने किल्ली मागून घेतली, गाडी रिव्हर्स घेतली आणि चर्चच्या पार्किंगमध्येच बर्फाच्या ढिगात मागच्या दारापर्यंत घातली.

टो ट्रकवाला पंजाबी होता. त्याने खिडकीतून वाकून माझा वास घेतला. "पी के चला रहे हो, अंकल?"

"एक थेंब नाही," मी म्हणालो.

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला फार वाईट वाटलं असावं, कारण त्याने पैसे कमी घेतले.

अमेरिकेला दारूबंदी उठवायला बरीच वर्षं लागली. रिटाने माझी तिथेच, पार्किंगमध्ये उठवली. "पुढच्या वर्षी तू पी," ती किल्ली परत घेत म्हणाली. "मी आधी नाचेन, मग गाडी चालवेन. तू शुद्धीवर असलास की परवडत नाही."