तळवडेकर सरांचा अंदाज

तळवडेकर सरांच्या घरी मुलाची मार्कशीट घेऊन गेलं की बापाच्या वाट्याला आधी हकालपट्टी यायची. मार्कशीट आपल्या हातातून काढून ते मुलाच्या हातात द्यायचे आणि आपल्याला म्हणायचे, "तुमी जरा खाली फेरी मारून येवा. पोराक बोलांदे." चहा नाही, पाणी नाही, सरळ जिना. मुलुंडच्या त्यांच्या इमारतीखाली जून-जुलैत कधीही जा, दोनतीन बाप आणि एखादी आई पाण्याच्या पंपापासून वॉचमनच्या खुर्चीपर्यंत येरझाऱ्या घालताना दिसायची. वॉचमन एव्हाना सरावला होता. तो खुर्ची जरा आत ओढून घ्यायचा.

सर भांडुपच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले होते. बारावीनंतर कोणत्या मुलाला कुठे प्रवेश मिळेल, याचा अंदाज ते सांगत, आणि तो क्वचितच चुके. इतर लोक त्यासाठी लॅपटॉप उघडतात. सर मार्क एकदा बघायचे आणि मग एकच विचारायचे, "पेपरात चुकलेला एक गणित सांग." जे मूल ते गणित आकड्यांसकट, स्वतःवर चिडत सांगे, त्याच्याबद्दल त्यांचं मत लगेच चांगलं होई. आमच्या मजल्यावरच्या प्रथमला त्र्याण्णव टक्के होते. तो म्हणाला, "सर, माझं काही चुकलं नाही, पेपरच वाकडा काढला होता." सर म्हणाले, "होवचा नाय." प्रथमच्या आईने महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. प्रथमचं खरोखरच झालं नाही, तेव्हा तिने बोलणं कायमचंच टाकलं.

त्यांचे निकाल तीनच. "होतला", "होवचा नाय" आणि "काठार असा". शेवटचा सगळ्यात वाईट. होणार म्हटलं की माणूस पेढ्यांची चौकशी करतो, नाही म्हटलं की दुसरी वाट शोधतो. काठावर बसलेल्याने करायचं काय?

माझ्या मुलीला, मुक्ताला, केमिकल इंजिनिअरिंगच करायचं होतं, तेही शहरातल्या त्या एकाच विद्यापीठात. त्याचं नाव घेतलं तरी आमच्या नातेवाइकांचा आवाज खाली येतो. अख्ख्या राज्यातून मोजकी मुलं घेतात. आम्ही कणकवलीकडचे, माझे आजोबा गिरणीत होते, मी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये माल पाठवायचं काम बघतो. आमच्या घरातून तिथे कुणी गेलेलं नव्हतं. मुळात माझा स्वभाव घायकुतीचा. रिक्षा सिग्नलला थांबली तरी मी उतरून चालायला लागतो. त्या महिन्यात माझं जेवणसुद्धा उभ्याउभ्या चाललं होतं.

मी तिला सरांकडे घेऊन गेलो आणि रीतीप्रमाणे खाली आलो. पंप, खुर्ची, पंप, खुर्ची. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. शेवटी राहवेना, वर जाऊन दाराशी उभा राहिलो. मुक्ता कागदावर काहीतरी खरडत तावातावाने सांगत होती, "इथे मी चिन्ह विसरले, सर! एवढं सोप्पं होतं यार, मला अजून राग येतोय." आणि सर हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"सर, काय वाटतं?" मी विचारलं.

हसू थांबलं. "काठार असा," ते म्हणाले.

सरांनी मुक्ताला जवळ बसवून अर्ज कसा भरायचा ते सांगितलं. पसंतीक्रमात सगळ्यात वर तेच लिहायचं, जे मनापासून हवं. वरचं नाही मिळालं तर खालचं आपोआप मिळतं, त्यात नुकसान काहीच नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद. "मशीनीक मार्क कळतत गो बाय, मन कळणा नाय. ता क्रमात तू लिव." मुक्ताने विद्यापीठ पहिलं लिहिलं, नवी मुंबईचं एक खासगी कॉलेज दुसरं, आणि अर्ज भरून ठेवला. पक्का करायला दोन दिवस होते.

ते दोन दिवस मला पुरले. माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. नवी मुंबईच्या कॉलेजवाल्यांना आपण दुसऱ्या नंबरवर ठेवलंय हे दिसलं, तर ते म्हणणार, यांना आमची गरज नाही, मग आम्हाला तरी यांची कशाला? विद्यापीठ काठावर, आणि इकडे हातातलंही जाणार. लग्नाच्या बोलण्यांत असतं तसं हे असणार, अशी माझी समजूत. सर सांगतात ते गणितात ठीक, पण माणसं गणितासारखी वागत नाहीत, असंही मी स्वतःला पटवलं. अर्जावर मोबाईल नंबर माझा होता, ओटीपी माझ्याकडे यायचा, पासवर्ड मला माहीत. शेवटच्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये डबा बाजूला ठेवून मी क्रम उलटा केला आणि अर्ज पक्का केला. मुक्ताला फोन करून म्हटलं, "झालं गं, भरून टाकला. टेन्शन नको घेऊ." इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

यादी लागली. मुक्ताला पहिली पसंती मिळाली होती. तिने आनंदाने किंचाळत पान उघडलं आणि कॉलेजचं नाव वाचलं. मग विद्यापीठाची यादी उघडली. तिथे केमिकलचा शेवटचा प्रवेश तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर झाला होता. ती माझ्याकडे वळली. "बाबा, तू बदललंस?" एवढंच विचारलं. मी बरंच काही सांगितलं. ती आत जाऊन झोपली, भर दुपारी.

संध्याकाळी मी सरांकडे गेलो. वाटलं होतं, जिन्यावरून खाली फेकतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि फक्त म्हणाले, "अरे संदेशा..." खुर्चीचे हात नुसते चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. दम्याचा त्रास, तीन मजले चढून आलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. कुणाच्या घरी जायचा त्यांचा परिपाठच नव्हता. मुक्तासमोर उभे राहिले. बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाय, माका वाटला होता तुझा होतला. नक्की होतला. तरी मी काठार सांगलंय. पोरांक जास्त आशा लावची नाय, ही माझी सवय. तुझो बापूस भियालो तो त्याच शब्दाक. चूक माझी. माफ कर." आणि सत्तरी उलटलेल्या त्या माणसाने अठरा वर्षांच्या मुलीसमोर हात जोडले.

मुक्ताने धावत येऊन त्यांचे हात धरले. "नाही सर, असं नको ना," एवढंच ती म्हणू शकली. मी तिथेच उभा होतो. चहा ठेवतो म्हणून स्वयंपाकघरात सटकलो.

त्यानंतर सरांनी अंदाज सांगणं सोडून दिलं. लोक येत, ते अर्जाचा नियम समजावत, क्रम नीट लावून देत, पण चान्स किती असं कुणी विचारलं की मान हलवत. एकदा मी म्हटलं, "सर, एका चुकीसाठी एवढं?" ते म्हणाले, "एक माझी. ज्याचा गेला, त्याचा सगळा गेला." त्यांच्यासारखा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्यासमोर बसताना मला कायम चुळबुळ व्हायची.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मुक्ता कॉलेज बुडवून आली. अंत्यसंस्कारानंतर आम्ही दोघं रिक्षाने परतत होतो. पाच रस्त्याच्या चौकात रिक्षा अडकली आणि मी सवयीने पुन्हा सुरू केलं, "तेव्हा ना, मला खरंच वाटलं होतं की ते कॉलेजवाले..."

"बाबा," ती म्हणाली, "सरांनी दुसऱ्याच दिवशी घरी येऊन माफी मागितली. तू अजून नाही मागितलीस. दोन वर्षं तू मला नुसतं समजावतोयस."

मी उतरून चालायला लागलो असतो, पण उतरलो नाही. माफी मागितली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून परत मागितली.

ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "झालं असतं ना रे माझं?"

"झालं असतं," मी म्हणालो.

दोन वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.