अडतिसावं फील्ड

झोप लागण्याआधी माझा डावा पाय दोनदा झटकला जातो. दोन झटक्यांच्या मध्ये साधारण चार सेकंद जातात. मी मोजले आहेत. दुसऱ्या झटक्यानंतर मी जागी नसते, पण पुरती झोपलेलीही नसते. आज रविवार, दुपारचे अडीच वाजले आहेत. उपासना झाली, जेवण झालं, मी पलंगावर आडवी झाले आहे. पाच वाजता नीरजा येणार आहे.

नीरजा उजागरे ही सगुणामावशींची मुलगी. सगुणामावशी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायबल बाई. घरोघर जाऊन बायकांना वचन शिकवायच्या, आजाऱ्यांजवळ बसायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पुढच्या रविवारी कापणीचा सण आहे आणि त्या दिवशी मंडळी माझा सत्कार करणार आहे. शनिवारची मोफत साखर तपासणी, कुष्ठधामातल्या भेटी, विधवांचा शिवणवर्ग, असं सगळं पाळकसाहेबांनी कागदावर लिहून घेतलं आहे. शाल नीरजा घालणार. मी महिनाभर 'ठरवते' एवढंच म्हणते आहे. मला ठरवायचं आहे ते खरं तर वेगळंच आहे, आणि ते सहा वर्षं राहिलं आहे.

पहिला झटका. एक, दोन, तीन, चार. दुसरा.

पलंगाच्या कडेला सगुणामावशी बसल्या आहेत. निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर काळी पिशवी. उशी फार उंच घेतलीस, मान धरेल, असं त्या सांगतात. मी उशी सारखी करायला उठते आणि स्टुलावर बसलेली असते. समोर मायक्रोस्कोप आहे. भिंती मी काम करते त्या दवाखान्यातल्या लॅबच्या आहेत, पण मागे प्रार्थना मंदिरातले बाक लागले आहेत, एकामागे एक, रिकामे.

"गाडी थांबलीय," मावशी म्हणतात. "किती वेळ डोळा लावून बसशील? त्या भिंगातून काय देव दिसणार आहे का?"

त्या दिवशीही त्या हेच म्हणाल्या होत्या. तीन आठवड्यांचा खोकला म्हणून डॉक्टरांनी त्यांची थुंकी तपासायला पाठवली होती आणि ती स्लाइड माझ्या भिंगाखाली होती. क्षयाचे जंतू नाहीत असं लिहायचं तर शंभर फील्ड पाहावी लागतात. फील्ड म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारं एक गोल. मी तीस पाहिली. बाहेर जीप हॉर्न वाजवत होती. महिला मंडळ कुष्ठधामाला निघालं होतं, जेवणाचे डबे भरून झाले होते, आणि सगळ्यांत जास्त घाई मावशींनाच होती. मी 'निगेटिव्ह' लिहिलं, सही केली आणि जाऊन त्यांच्याच शेजारी बसले. वाटभर त्या खोकत होत्या आणि मध्ये मध्ये गात होत्या.

चार महिन्यांनी दुसऱ्या शहरात निदान झालं, तेव्हा दोन्ही फुप्फुसं गेलेली होती. मावशींच्या मातीवरून परतल्यावर मी लॅबमधल्या पेटीतून ती जुनी स्लाइड काढली. अडतिसाव्या फील्डमध्ये दोन जंतू होते. लाल, किंचित वाकलेले. पुढे आणखी होते. हे मी कुठेच लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. नीरजा मात्र अजून स्वतःलाच दोष देते, म्हणते, 'आईकडे मीच लक्ष दिलं नाही.'

आता मी जीपमध्ये आहे. जीप बाकांच्या मधल्या वाटेवर उभी आहे आणि बाक भरू लागले आहेत. बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर शाल आहे. माझ्या मांडीवर मायक्रोस्कोप आहे, मी फील्ड मोजते आहे. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. पुढचं सरकवते. तेही तिसावंच. त्याच्या पुढचंही.

मला बोलायलाच हवं असं वाटतं, म्हणून मी माझी कामं सांगू लागते. तीनशे दहा शनिवार झाले मावशी, दोन चुकले, तेव्हा ताप होता. कुष्ठधाम महिन्यातून दोनदा. शिवणवर्गाच्या चौदा बायका.

"हजेरी घेतेयस का?" त्या हसतात.

"हे सगळं तुमच्यासाठी केलं."

"माझ्यासाठी? मला कुठं साखर होती गं?"

मला हसू येत नाही. त्या पदराने तोंड पुसतात, थोडं खोकतात. मग हळू आवाजात बोलत राहतात. कामं चांगलीच आहेत म्हणतात. त्या बायकांना शिवता येतं आता, ते कुठं वाया जात नाही, मीही आयुष्यभर हेच करत फिरले. पण कृपेवर भरवसा असलेल्या बाईचे हात कधीतरी मांडीवर टेकतात. तुझे टेकलेले मी एकदाही पाहिले नाहीत.

मी हात टेकवून पाहते. मांडीवर मायक्रोस्कोप नाही. काळी पिशवीच आहे, आणि त्या तिच्यातून प्लॅस्टिकची एक डबी काढून माझ्या हातात देतात. थुंकीची डबी, रुंद तोंडाची, झाकण घट्ट. आत कुणीतरी खोकतं आहे.

"मावशी, माझा निकाल काय लागेल?"

"तो तू लिहायचा नाहीस. तू दिसलं ते लिहायचं. इतकी वर्षं लॅबमध्ये काढलीस आणि एवढं कळत नाही?"

मी झाकण फिरवते. ते हलत नाही. बाकांवरचे सगळे माझ्याकडे पाहतात. खोकल्याचा आवाज बदलला आहे, तो आता नीरजाचा आहे. मी म्हणते, निघत नाही हो.

"कसं निघेल? तळवा ठेवून तूच दाबून धरलंयस," मावशी म्हणतात. "चांगल्या कामांचं झाकण केलंस, एस्तेर. माझ्या लेकीला त्याच्याखाली ठेवलंस."

घंटी वाजते. मी पलंगावर उठून बसते. पाचला दहा कमी आहेत. नाडी एकशे दहाच्या आसपास असावी. उजव्या तळव्यावर एक लालसर वर्तुळ उमटलं आहे. व्यास साधारण चार सेंटिमीटर, कडेला बारीक दातेरी खुणा. मी चादर झटकते, उशी उचलते, पलंगाखाली वाकून पाहते. अशी खूण उमटेल असं तिथे काहीच नाही. वर्तुळ मध्यभागी फिकट होऊ लागलं आहे.

घंटी पुन्हा वाजते. मी दार उघडते. नीरजाच्या हातात शालीचा खोका आहे. रंग आवडतो का ते दाखवायला आणला म्हणते. ती चपला काढते, उकाड्याबद्दल काहीतरी बोलते, मग माझा चेहरा पाहून थांबते.

"ताई, बरं नाही का? मग ठरलं की नाही तुमचं?"

"ठरलं. खोका खाली ठेव, बस इथे." माझा आवाज मला अनोळखी वाटतो, पण तो थांबत नाही. "तुझ्या आईची स्लाइड मी तपासली होती, नीरजा. शंभर फील्ड पाहायची होती, मी तीस पाहून सोडली. अडतिसाव्यात जंतू होते. लक्ष तू दिलं नाहीस असं नाही. मी दिलं नाही."