गुजरातवाल्या बाई

वर्षा करबटच्या मोबाइलमध्ये माझे नाव ‘गुजरातवाल्या बाई’ असे साठवलेले आहे. मी गुजराती नाही. माझा जन्म दादरचा, शिक्षण कॉन्व्हेंटचे, आणि लग्न होऊन डहाणूला आले त्याला आता पन्नास वर्षे उलटली. तरीही हे नाव मी निमूटपणे स्वीकारले आहे, कारण ते मी स्वतःच्या कष्टाने मिळवलेले आहे.

वर्षा पहिल्यांदा माझ्या दारात आली ती जुने कॅलेंडर मागायला. तिशीच्या आतली मुलगी, खांद्याला मोठी कापडी पिशवी, आणि पिशवीत बाटल्यांची बुचे खुळखुळत होती.

“बाई, मागच्या वर्षाचं कॅलेंडर असेल तर द्या ना. आकडे कापायचेत.”

“आकडे कशाला?”

“माझी पहिलीची पोरं हायत. पुस्तकातले आकडे बारीक. हे भिंतीवर लावले की शेवटच्या पोरालापण दिसतात.”

मी कॅलेंडर दिले. त्याच्या प्रत्येक चौकोनात मी दूध, गॅस आणि माझ्या गुडघ्याची हालहवाल लिहिलेली होती. माझी डायरी वेगळी असते, कॅलेंडरावर फक्त सारांश. पुढच्या आठवड्यात वर्षा सांगत आली, की तिच्या वर्गातली मुले साताला आता ‘दुखरा सात’ म्हणतात. माझे लिखाण कोणीतरी वाचले, असा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

मी तिला चहा दिला आणि चहाबरोबर तिची सगळी हकीकत काढून घेतली. वर्षा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वडील घोलवडकडे चिकूच्या वाडीत मजुरी करायचे, आई तिथेच फळे निवडायची. सहाव्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातले. घरी सगळे वारलीत बोलायचे आणि गुरुजी मराठीत शिकवायचे.

“वर्षभर मला काय कळलंच नाय, बाई. सगळे हसले की मी हसायची. सगळे उठले की मी उठायची. गुरुजींनी शेरा दिला, मुलगी शांत आहे.”

त्या शांत मुलीने पुढे बारावी केली, डी.एड. केले आणि रूपेश नावाच्या शेअर जीप चालवणाऱ्या मुलाशी भांडून भांडून लग्न केले. आता ती आमच्या जवळच्या शाळेत मानधनावर पहिलीचा वर्ग घेत होती. पोरांच्या बोलीतून सुरुवात करून हळूहळू त्यांना मराठीत आणायचे, हा तिचा ध्यास. मोठा वर्ग देऊ केला तरी ती घेत नसे. पण शाळेने सांगून ठेवले होते, की जूनपासून पहिलीला शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टेट, पास झालेलेच माणूस घेणार. वर्षा दोनदा नापास झाली होती. या वेळी झाली नाही तर वर्ग जाणार होता. रूपेशने गुजरातमधल्या उंबरगावच्या एका कंपनीत तिच्यासाठी पॅकिंगचे काम बघूनही ठेवले होते.

“मी तुला शिकवीन,” मी म्हणाले.

मी जन्मात कोणाला शिकवलेले नाही. शिक्षिका व्हायचे ठरवले होते, तेवढ्यात लग्न ठरले. यजमान रेल्वेत. त्यांनी तीस वर्षे डहाणू रोडला गाड्या सोडल्या आणि मी घरात बसून पुढच्या वर्गाची वाट पाहिली. तो वर्ग आता बुचांची पिशवी घेऊन समोर बसला होता. त्याला पळून जाऊ देण्याचा प्रश्नच नव्हता.

माझ्या मुलाने, गौरवने, पुण्याहून मला एक टॅब्लेट पाठवला होता. मी त्यावर ‘टेट’ एवढेच लिहिले आणि खजिनाच उघडला. सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, बालमानसशास्त्राची व्याख्याने, सराव चाचण्या, सगळे फुकट. आणि सगळे गुजरातीत. मला त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्या डहाणूत निम्म्या पाट्या गुजराती. मी ती लिपी मराठीइतक्याच सहज वाचते आणि त्याचा मला नको तेवढा अभिमान आहे. शिवाय त्या टॅब्लेटवर मी वर्षानुवर्षे उंधियू आणि हांडवो कसा करावा तेच पाहत आले होते. मी वलसाडची आहे अशी त्याची केव्हाच खात्री पटली होती. वलसाडच्या बाईला जे द्यायला हवे ते त्याने दिले. त्याने त्याचे काम चोख केले, विचार करण्याचे काम तेवढे माझ्याकडे होते.

मी प्रश्नपत्रिका छापून आणून एकेक प्रश्न मराठीत करून कार्डांवर लिहू लागले. शाळा सुटली की वर्षा येई, मी कार्ड वर धरी आणि ती उत्तर देई. मानसशास्त्रात ती भराभर पुढे गेली. परिसर अभ्यासाला मात्र कुरकुर.

“बाई, हे नर्मदा, कच्छचं रण, गीरचे सिंह. आपली वैतरणा कुठे गेली?”

“परीक्षक तुला विचारून पेपर काढणार आहे का?”

“नाय.”

“मग पाठ कर.”

“माझा मामा उंबरगावला असतो, त्यालापण एवढं गुजरात माहीत नसेल,” असे पुटपुटत तिने पाठ केले.

त्या दिवशी मी डायरीत लिहिले आहे, ‘शेजारच्या राज्याची इतकी सखोल तयारी दुसऱ्या कोणत्याही शिकवणीत होत नसेल.’ हे वाक्य खरे आहे. ते खोडताही येत नाही, कारण डायरीत खाडाखोड करायची नाही हा माझाच नियम.

वर्षाचा मोबाइलवर एक ग्रुप होता. डहाणू-तलासरीच्या दहा-बारा मुली, सगळ्या टेटवाल्या. रोज संध्याकाळी एकीने स्वतःच्या आवाजात प्रश्न पाठवायचा, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. राज्याची पाठ्यपुस्तके कुठून उतरवून घ्यायची, ‘दीक्षा’ ॲपवर कुठला व्हिडिओ चांगला आहे, हेही त्या एकमेकींना सांगत. वर्षाने मोठ्या कौतुकाने मला त्यात घेतले. मी माझा पहिला संदेश बोलून पाठवला. डायरीच्या सवयीने सुरुवात वार आणि हवामानापासून केली, मग शिक्षकाच्या आयुष्यातील शिस्त या विषयावर बोलले. दुसऱ्या दिवशी दुसरा पाठवला, तोही तेवढाच लांब. तिसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढून टाकले होते.

“मुली घाबरल्या, बाई,” वर्षा म्हणाली. “संगिताला वाटलं चुकून रेडिओ लागला.”

“पोरकट आहे तो ग्रुप. तूही सोड. मी आहे ना?”

आणि तिने सोडला. माझ्यावर एवढा विश्वास आमच्या घरात कधी कोणी टाकला नव्हता. त्यांना अनुभव होता.

परीक्षा जवळ आली तेव्हा आम्ही दोघी स्टेशनजवळ दिपकच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिला हॉल तिकीट काढायचे होते, मला शेवटची सराव प्रश्नपत्रिका. दिपकने दोन्ही काढून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली.

“वर्षाताई, सेंटर पालघर ना?”

“हो.”

“मग या गुजरातच्या टेटचं काय करणार? दोन्हीकडे बसताय?”

“काहीतरीच काय दिपक,” मी म्हणाले आणि चष्मा लावला. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत गुजरात लिहिलेले होते. घरी असलेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर ते असणार. प्रश्नपत्रिका हातात आली की सर्वांत आधी वरचा मजकूर वाचावा, हे आमच्या सिस्टर आम्हाला पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत सांगत होत्या. मी नेहमी थेट पहिल्या प्रश्नाला हात घालायचे.

“तू इतके दिवस छापतोयस, बोलला का नाहीस?”

“आजी, मी वाचत नाय. मी पानं मोजतो. मला वाटलं वलसाडला कोणी नात असेल.”

वर्षा हसेल असे मला वाटले. ती हसली नाही. तिने हॉल तिकीट तेवढे उचलले.

“रूपेशला सांगते, पॅकिंगला नाव देऊन ठेव,” ती म्हणाली आणि एसटी स्टँडकडे चालू लागली.

त्यानंतर ती आली नाही. फोन उचलला नाही. शेवटी मीच टॅब्लेट पर्समध्ये घालून एसटीने तलासरीला गेले. स्टँडबाहेर जीप उभ्या होत्या. मी पाड्याचे नाव सांगितले तसा एका चालकाने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

“तुमी त्या गुजरातवाल्या बाई ना? मी रूपेश. बसा पुढे. ती लय तापलीय, आधीच सांगतो.”

वर्षा अंगणात पुस्तके पसरून बसली होती. तिची चार वर्षांची श्रुतिका त्यातल्याच एका पुस्तकावर बसली होती.

“माझी चूक झाली, वर्षा,” मी म्हणाले.

“ते माहितीय. पाणी घ्या.”

मी पाणी प्यायले. मग मी वाटेत ठरवलेली नवी योजना सांगायला तोंड उघडले. तिने हात वर केला, वर्गात करत असेल तसाच.

“थांबा, बाई. मी ताडून बघितलं. तुमचं मानसशास्त्र चालेल. पोरगं तिकडचं काय नि इकडचं काय, शिकतं सारखंच. परिसर नि गणित मी मुलींबरोबर करते. त्यांनी घेतलं मला परत ग्रुपात. इथे रेंज नाय, तुमच्याकडे वाय-फाय हाय. मी तुमच्याकडे येऊन बसते.”

“आणि मी काय करू?”

“तुमी श्रुतिकाला सांभाळा. आणि बाहेरच्या खोलीत यायचं नाय.”

अशा रीतीने माझी शिक्षिकेची नोकरी सुटली. परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी वर्षा बाहेरच्या खोलीत बसून मुलींच्या प्रश्नांना उत्तरे देई, आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात श्रुतिकाबरोबर बुचे मोजत बसे. एकदा आतूनच ‘सह्याद्री!’ असे ओरडले, तर श्रुतिकाने माझ्या तोंडावर हात ठेवला. “आजी, आई शिकते ना?” ती मुलगी पुढे मुख्याध्यापिका होणार.

निकाल लागला त्या दुपारी वर्षाचा फोन आला. आधी नुसता गलका, मग तिचा आवाज.

“बाई, झाली! पास झाली! मानसशास्त्राच्या तुमच्या कार्डांतलं लय आलं होतं.”

“आणि परिसर?”

“आपल्या राज्यातल्या अभयारण्याचा एक प्रश्न होता. गीर असा पर्याय पण होता. मी गोल काळा करायलाच निघालेली. तेवढ्यात दिपकच्या दुकानातला चष्मा लावलेला तुमचा चेहरा दिसला. थांबले.”

शिक्षिका म्हणून माझे योगदान काय, असे कोणी विचारले तर मी आता हेच सांगते.

जूनमध्ये वर्षा तिच्या पहिलीच्या वर्गात परत गेली. मी यंदाचेही कॅलेंडर तिच्यासाठी राखून ठेवले आहे आणि गुडघ्याविषयी जरा सुवाच्य लिहिते आहे. परवा संध्याकाळी दारात एक अनोळखी मुलगी उभी राहिली. कमळी, वर्षाच्याच पाड्यावरची, पुढच्या टेटला बसणारी.

“वर्षाताईने पाठवलं. मानसशास्त्र तुमच्याकडे कर म्हणाली.”

“ये ना, ये,” मी म्हणाले. मला एवढा आनंद झाला की कार्डे कुठे ठेवली तेच आठवेना.

ती उंबऱ्यातच थांबली. चपलाही काढल्या नव्हत्या.

“ताईने सांगितलंय, आधी बाईंचा टॅब्लेट बघायचा.”

मी आतून टॅब्लेट आणला आणि प्रश्नपत्रिका उघडून तिच्या हातात दिला. तिने पानाचे डोके वाचले, खाली-वर करून दोनदा वाचले, आणि मग चपला काढल्या.